बारा फुटांची पश्चिमेची खोली

संपादकांस,

आपल्या सदरात गेल्या महिन्यात छापून आलेला बोरीच्या माळावरील बंगल्याचा किस्सा नातवाने मला वाचून दाखवला. ऐकण्यात माझी काही चूक होत असेल असे वाटून मी भिंग मागवले आणि स्वतः वाचला. चूक माझ्या कानांची नव्हती.

लेखक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी तो किस्सा आपल्या मामांकडून ऐकला, मामांनी कोणा जीपवाल्याकडून. मी तो ऐकलेला नाही. मी तिथे टेप धरून उभा होतो. आता शरीर थकले आहे, हाताला कंप आहे, आणि खरे सांगायचे तर इतरांच्या चुका दुरुस्त करण्याचाही कंटाळा आला आहे... तरीही लिहितो आहे, कारण त्या लेखातल्या एका वाक्याने मला तीन रात्री झोप लागू दिलेली नाही. त्या वाक्याकडे मी शेवटी येईन.

आधी माझ्याविषयी. मी ओव्हरसियर होतो. देव मानतो, कारण आई मानत असे. भूत-पिशाच्च मानत नाही. ज्याला टेप लावता येत नाही अशी वस्तू असते, हेच मुळात मला मान्य नव्हते. आजही भूत पाहिल्याचा माझा दावा नाही. मी फक्त एक भिंत मोजली होती.

लेखातल्या दोन किरकोळ चुका प्रथम निकालात काढतो. ‘गोरा इंग्रज साहेब बंगल्यात फास लावून मेला’ असे त्यात म्हटले आहे. बंगला बांधणारा तो साहेब इंग्रज नव्हता आणि तो तिथे मेलाही नाही. काम संपल्यावर तो परभणी स्टेशनातून रेल्वेत बसून गेला, आणि त्याची ट्रंक गाडीत चढवणारा माणूस मला स्वतः भेटलेला आहे. दुसरे, ‘अमावास्येच्या रात्री भिंती सरकत’. अमावास्या नव्हती, रात्रही नव्हती. जे घडले ते चैत्राच्या उन्हात, डोक्यावर टोपी घालून, भर दिवसा घडले.

साल एकोणीसशे चौपन्न. पोलीस ॲक्शन होऊन साडेपाच वर्षे झाली होती, हैदराबाद राज्य मोडायला अजून दोन वर्षे होती. ज्याला जुनी माणसे ‘तामीरात’ म्हणत त्या बांधकाम खात्यात मी नुकताच लागलो होतो. फायली निम्म्या उर्दूत, निम्म्या इंग्रजीत. वरचे अधिकारी नव्याने मद्रासकडून आलेले. मी प्रोबेशनवर होतो. वय चोवीस, आणि अंगात मस्ती वयाच्या दुप्पट.

परभणीहून जिंतूरला निघाले की बोरी ओलांडल्यावर उजव्या हाताला एक मुरमाड माळ लागत असे. त्यावर हा मुसाफिरबंगला. असा बंगला मी हैदराबाद राज्यात दुसरा पाहिला नाही. खात्याचे बाकीचे बंगले म्हणजे चौकोनी बांधणी आणि चहूबाजूंनी व्हरांडा. हा लांबट होता, आगगाडीच्या डब्यासारखा. तीन खोल्या पूर्व-पश्चिम एका रांगेत, रुंदी कुठेही एका खोलीपेक्षा जास्त नाही. काळ्या दगडाच्या दोन-दोन फुटी भिंती, त्यांवर चुन्याचे जाड पांढरे हात. मधल्या खोलीत चुलीसारखा मोठा कोनाडा आणि वर धुराडे. परभणीच्या उन्हाळ्यात शेकोटीची सोय कोणी आणि का केली असावी, यावर अख्खा तालुका हसत असे. त्याच मधल्या खोलीला समोरासमोर दोन दारे होती, दक्षिणेला एक, उत्तरेला एक. आणि दोन्ही दारे आडवी कापलेली, म्हणजे खालचा अर्धा भाग बंद ठेवून वरचा उघडा ठेवता येई.

बंगल्याची राखण बायजाबाईकडे होती. हटकर धनगराची विधवा. नवरा तिथला चौकीदार होता, तो गेल्यावर खात्याने तिला हलवले नाही. तिची तीस-चाळीस शेळ्या-मेंढ्यांची खांड. अर्ध्या दाराचे तिला मोठे कौतुक होते. माझ्याइतके शिकलेल्या माणसांनी इतक्या वर्षांत एक कामाची गोष्ट केली ती हीच, असे तिने मला पहिल्याच दिवशी ऐकवले — शेरडू आत येत नाही आणि वारा अडत नाही.

या बंगल्याला एक खोली वाढवायची होती. मंजूर नकाशात ती पश्चिम टोकाला दाखवलेली होती: आतून बारा फूट बाय बारा फूट. पूर्वेला विहीर होती, पश्चिमेला सपाट जागा. प्रश्नच नव्हता.

गवंडी म्हणून मी इमाम मिस्त्रीला घेतले. साठीच्या आसपासचा, उंच, वाकलेला, कानावर पेन्सिल. जिंतूरचा राहणारा. पोलीस ॲक्शनच्या पावसाळ्यानंतर त्याचे दोन्ही भाऊ हैदराबादेला निघून गेले, हा राहिला. पण त्याला कोणी काम देत नव्हते. कारण सांगायची गरज त्या वर्षांत कोणालाच वाटत नसे. मी त्याला घेतले याचे श्रेय मी आजवर मिरवत आलो. वस्तुतः एवढी बारीक दगडी घडाई करणारा दुसरा माणूस तालुक्यात नव्हता, म्हणून घेतले. त्याला मजुरीपेक्षा कागद हवा होता. हे काम पास झाले की सरकारी गवंड्यांच्या यादीत त्याचे नाव लागणार होते, आणि नाव लागले की तो आपल्या घरात, आपल्या गावात राहू शकणार होता. हे त्याने मला एकदाच सांगितले. पुन्हा आठवण करून दिली नाही.

हा बंगला पहिल्यांदा बांधला गेला तेव्हा तो तिथेच चुना कालवणारा पोरगा होता. साहेबाची ट्रंक गाडीत चढवणारा तो हाच. साहेब आयर्लंडचा, निजामाच्या चाकरीतला इंजिनियर. त्याला अंग्रेज म्हटले की तो कडू होई. “म्हनायचा, अंग्रेजानं माझा बी मुलुक घेतला हाय,” मिस्त्रीने सांगितले. “मंग आमी त्याला आपला समजायलो.” साहेबाने हे घर आपल्या गावाकडच्या घरासारखे बांधले होते, धुराड्यासकट.

पाया आखायच्या आदल्या दिवशी मिस्त्री माझ्याकडे आला आणि खोली पूर्वेला घेता येईल का, असे विचारले. विहिरीचा कट्टा थोडा मागे सारला की जागा होते, ते काम तो फुकट करून देईल. कारण विचारले तर म्हणाला, साहेबाच्या मुलखात घर पश्चिमेला कधी वाढवत नाहीत. पूर्वेला वाढवा, वर चढवा, पश्चिमेला नाही. साहेब जाताना हे बजावून गेला होता.

मी त्याला म्हणालो, “मिस्त्री, साहेब गेला, निजाम गेला. आता नकाशा पास झालाय.”

तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, “मला शिकवलं ते मी तुमाला सांगितलं, साब. आता बांधतो.”

त्या संध्याकाळी त्याने आखणीच्या चारही कोपऱ्यांवर तीन-तीन दगड एकावर एक रचून ठेवले. ही पण साहेबाचीच रीत. सकाळी चारही राशी जागच्या जागी असतील तर बांधायचे. सकाळी मी पाहिले, पूर्वेच्या दोन राशी जागेवर होत्या. पश्चिमेच्या दोन्ही घराच्या दिशेने एक-एक वीत आत सरकलेल्या. कोसळलेल्या नव्हत्या. तीनही दगड नीट एकावर एक.

मी बायजाबाईवर ओरडलो की शेळ्या आवरता येत नाहीत का. ती शांतपणे शेण गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, “शेळी पाडती, बाबा. रचून न्हाई ठिवत.”

मजूर हसले. माझा अपमान झाला असे मला वाटले, आणि त्याच रागात मी दोरी पुन्हा मूळ खुणांवर लावायला सांगितली. इतकी साधी गोष्ट. पुष्कळदा वाटते, ती म्हातारी तेव्हा गप्प बसली असती तर कदाचित मी एक दिवस थांबलो असतो... पण हे तिच्यावर ढकलणे झाले. ते राहू द्या.

जोते बांधले, भिंतींचे पहिले रद्दे, म्हणजे दगडांचे थर, चढले. मी रोज संध्याकाळी मोजमाप घेऊन वहीत लिहीत असे. आतून लांबी बारा फूट शून्य इंच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी बोरीचा बाजार होता म्हणून काम बंद. पाचव्या दिवशी सकाळी टेप लावला तर अकरा फूट दहा इंच.

टेप पोलादी होता, नवा. तरीही तोच टेप मी शेजारच्या जुन्या खोलीला लावला. तिचे माप जुन्या नकाशातल्या मापाशी तंतोतंत जुळले. परत आलो, पुन्हा लावला. अकरा दहा.

त्यानंतरच्या आठ दिवसांत ती खोली आखडत गेली. अकरा आठ. अकरा सहा. भिंतीला तडा नाही, ओळंबा सरळ, कोपरे काटकोनात. पश्चिमेच्या भिंतीबाहेर मी आखणीच्या दिवशीच लोखंडी खुंटी ठोकून ठेवली होती. आतले अंतर जितके कमी होई तितकेच खुंटीपासूनचे वाढे. मिस्त्रीला हे मी पहिल्याच दिवशी दाखवले. त्याने टेपचे दुसरे टोक धरले, माप पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले. “आमी थांबायचं का?” एवढेच विचारले. मी नाही म्हणालो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती मी गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कोणालाही धड सांगितलेली नाही, कारण ऐकणारा चहाचा कप खाली ठेवतो आणि माझ्या वयाकडे पाहतो.

दगड कोणी काढत असेल अशी शंका मला होती. म्हणून दक्षिणेच्या भिंतीच्या एका रद्द्यातल्या दगडांवर मी आतून पेन्सिलीने आकडे घातले, एक ते तेरा. दुसऱ्या दिवशी तेराही दगड जागेवर, त्याच क्रमाने. माझेच अक्षर. तेव्हा मी एकेक दगड मोजला आणि दगडांमधला एकेक सांधा मोजला. सगळे मांडून बेरीज केली. बारा फूट. मग तीच भिंत, त्याच रद्द्यावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सलग मोजली. अकरा फूट चार इंच.

हे मी सहा वेळा केले. तीन वेळा बेरीज मिस्त्रीकडून करवून घेतली. तो बोटांच्या पेरांवर उर्दूत करी, मी मराठीत कागदावर. सुटे दगड बारा फूट भरत होते. भिंत भरत नव्हती.

बायजाबाई अर्ध्या दारावर हात टेकून आमचा हा उद्योग पाहत होती. तिला सगळे समजावून सांगितले तेव्हा तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की मेंढरांचेही असेच असते. एकेक मोजली तर सगळी भरतात, पण लांडगा जवळ असला की कळप एवढासा होतो. मग म्हणाली, “भ्यालीय ती भिंत. राहू द्या ना बाबा तिला.” मी तिला शेळ्या पाहायला पाठवले.

पुढच्याच आठवड्यात डेप्युटी इंजिनियर तपासणीला आले. कडक माणूस होते, इंग्रजीशिवाय बोलत नसत. दुपारची वेळ. जीप झाडाखाली लावून थेट खोलीत आले, आपल्या शिपायाकडून टेप धरवला. अकरा फूट एक इंच. त्यांनी नकाशा पाहिला, माझी वही पाहिली. वहीत मी पहिल्या तीन दिवसांनंतर काही लिहिलेच नव्हते. बारा फूट शून्य इंच, खाली माझी सही.

त्यांनी विचारले की माप खोटे लिहिले आहे की भिंत चुकीची बांधली आहे. दोनपैकी एक असणारच.

दोन्ही नव्हते. मला म्हणता आले असते — साहेब, एकेक दगड मोजून पाहा. पाच मिनिटांचे काम होते. पेन्सिलीचे आकडे त्यांच्या गुडघ्यासमोर होते. पण ते शब्द इंग्रजीत जुळवताना त्यांना ते कसे वाटतील हे मला आधीच ऐकू आले. वेडा, नाहीतर लबाड. प्रोबेशन संपायला दोन महिने होते.

मी म्हणालो की गवंड्याने दोरी चुकीची लावली. जोते झाल्यावर त्याने आत घेऊन बांधले असावे. मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

मिस्त्रीला इंग्रजी येत नव्हते. पण साहेबांनी त्याच्याकडे बोट केले आणि शिपायाने भाषांतर केले. सामान कमी वापरून बाकीचे विकले असेल, असेही शिपायाने पदरचे जोडले. मी ते खोडले नाही. साहेबांनी तिथेच हुकूम दिला: या माणसाला काढा, पुन्हा खात्याच्या कामावर घेऊ नका, तसा रिपोर्ट लिहा. रिपोर्ट मी लिहिला. जीपच्या बॉनेटवर ठेवून.

इमाम मिस्त्री माझ्याजवळ आला. त्याने आवाज चढवला नाही. “साब,” तो म्हणाला, “तुमी तर मोजली व्हती.”

मग ओळंब्याची दोरी गुंडाळली, थापी फडक्यात बांधली, बायजाबाईकडे जाऊन पाणी प्यायला आणि जिंतूरच्या रस्त्याला लागला.

जीप परभणीकडे गेली. मजूर झाडाखाली भाकरी सोडून बसले. मी रिकाम्या खोलीत उभा होतो आणि हातात टेप होता. हाताला सवय असते म्हणून मी तो लावला.

बारा फूट. शून्य इंच.

या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सलग. दोनदा लावला. बाहेर जाऊन खुंटीपासूनचे अंतर घेतले, तेही पहिल्या दिवसाचे होते. मी माळाच्या कडेला आलो. रस्ता तिथे मैलभर सरळ आहे, झाड नाही, आड नाही. मिस्त्री दिसत होता. फार लांब गेला नव्हता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. बायजाबाई माझ्या मागे येऊन उभी राहिली, आणि मी हाक मारतो का याची वाट पाहत असावी. मग तीही परत गेली.

खोली दुसऱ्या गवंड्याने पूर्ण केली. मी कायम झालो. इमाम मिस्त्रीने घर विकले आणि हैदराबादेला भावांकडे गेला. पुढे तो तिथेच वारला असे कळले. नक्की केव्हा, ते मी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट, मग आटोपते घेतो. दहा-बारा वर्षांपूर्वी माझी नात नोकरीनिमित्त डब्लिनला होती. तिने हट्टाने मला नेले. तिथले लोक जुनी घरे जिवापाड जपतात. तिने मला राजवाडे दाखवले, चर्चे दाखवली, मी पायऱ्या मोजत हिंडलो. मग एके दिवशी ती मला त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्याकडे घेऊन गेली. शेतकऱ्यांची जुनी घरे जशीच्या तशी ठेवलेली. गाडीतून उतरलो आणि पाय तिथेच थबकले. समोर बोरीचा बंगला उभा होता. छपराला गवत होते, बाकी सगळे तेच. एका रांगेत खोल्या, पांढरा चुना, मध्ये धुराडे, समोरासमोर दारे, आडवे कापलेले अर्धे दार. दाराशी कोणाची तरी शेळीही बांधलेली होती. मी अर्ध्या दारावर हात टेकला आणि त्याची वरची कड चाचपत राहिलो. नातीला वाटले मला चक्कर आली.

घराला पूर्व टोकाला एक खोली मागाहून जोडलेली होती. भिंतीतला सांधा ओव्हरसियरच्या डोळ्याला लपत नाही. पण पूर्वेला चढ होता, दगड फोडावा लागला असणार. पश्चिमेला छान सपाट जागा मोकळी. मी नातीकरवी घर दाखवणाऱ्या बाईला विचारले, असे का? ती म्हातारी बाई हसली. तिच्या आजीच्या काळी म्हणत, जो घर पश्चिमेला वाढवतो तो देवापेक्षा बलवान असला पाहिजे. आणि वाढवले तर काय होते, असे मी विचारले. ती म्हणाली, इकडे कोणी वाढवतच नाही, त्यामुळे काय होते ते कोणालाच माहीत नाही.

मला माहीत होते. नात माझ्या तोंडाकडे पाहत होती, भाषांतर करायला तयार. मी सांगितले, बाईंना म्हणावे, घर सुंदर आहे.

आता त्या वाक्याविषयी. आपल्या लेखकमहाशयांनी लिहिले आहे: ‘प्रत्यक्षात इमाम नावाच्या लबाड गवंड्याने दगड चोरून विकले आणि भिंत आखूड बांधली, पुढे भुताची आवई त्यानेच उठवली.’ हे त्यांना मामांनी सांगितले, मामांना जीपवाल्याने. जीपवाल्याला कोणी सांगितले ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी बॉनेटवर लिहिलेला रिपोर्ट जीपमधूनच गेला.

भिंत का आखडली आणि का पूर्ववत झाली, हे मला आजही माहीत नाही. ऊन, चुना, टेपचे प्रसरण, माझी नजर, सगळे तपासून झाले. एकानेही आठ इंच निघत नाहीत, अकरा इंच तर नाहीतच. भुताचा यात संबंध आहे असे मी म्हणणार नाही. पश्चिमेचा आहे का, तेही सांगू शकत नाही. ज्यांना अधिक कळते त्यांनी खुशाल लिहावे, मी आता उत्तर देणार नाही, थकलो आहे.

फक्त एक दुरुस्ती छापावी, आणि ती लहान अक्षरात छापू नये. इमाम मिस्त्रीने भिंत बारा फूट बांधली होती. ती मी मोजली होती.